शनिवारचा अपठित उतारा

अपठित म्हणजे न वाचलेलं. आमच्या बोर्डाच्या मराठीच्या पेपरात एक उतारा यायचा, जो कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसे. मुलीनं तो तिथंच, त्याच वेळी वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. यात पाठ करण्यासारखं काही नसतं. आणि जे पाठ करता येत नाही, त्याला मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या मुलींच्या शाळेत कुणी अभ्यास म्हणतच नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा मुली तो प्रश्न सरळ कोरा सोडून पुढं जायच्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "बाई, तो धडा आपल्याले झालाच नाई."

मी मूळची पांढुर्ण्याची. वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या वस्तीतली शिकून मास्तरीण झालेली मी पहिलीच, त्यामुळे गावातून जाताना लोक नमस्कार करायचे. पण सौंसरच्या शाळेतल्या मुलींना त्याचं काही नव्हतं. त्यांच्यासाठी मी मराठीची बाई, आणि मराठी हा विषय आपोआप पास होण्याचा. घरी बोलतोच ना, मग शिकायचं काय?

पण घरचं बोलणं वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं. घरी "जाऊन राहिली", पुस्तकात "जात आहे". बाजारात हिंदी, दुकानाच्या पाट्या हिंदी, आमच्या प्राचार्या छिंदवाड्याच्या, त्यांना मराठी समजायचं अर्धं. अशा तीन भाषांत वाढलेली मुलगी छापलेलं मराठी वाचताना अक्षरं वाचते, अर्थाचा अंदाज बांधते आणि पुढं जाते. तो अंदाज कुठं चुकला हे तिला कुणी दाखवत नाही. म्हणून मी ठरवलं की दर शनिवारी, शाळा सकाळची असते तेव्हा, शेवटच्या तासाला एक उतारा घ्यायचा. एका शनिवारी गोष्ट, दुसऱ्या शनिवारी विज्ञान.

असे उतारे छापलेले मिळत नव्हते. विज्ञानाचे मी वरच्या वर्गांच्या पुस्तकांतून कापून, सोपे करून घ्यायची. गोष्टींचे स्वतः लिहायची. शुक्रवारी घरी गुंडाळीच्या फळ्यावर खडूनं उतारा लिहायचा, फळा हळूच गुंडाळायचा आणि शनिवारी खिळ्याला टांगायचा. पुसला जाऊ नये म्हणून मी तो लेकरासारखा छातीशी धरून नेत असे.

बाहेरच्या माणसाला वाटेल की वाचायचं आणि लिहायचं, यात शिकवण्यासारखं काय? सांगते. विज्ञानाच्या उताऱ्यात जेवढं लिहिलंय तेवढंच घ्यावं लागतं, आपल्या घरचं त्यात मिसळायचं नसतं. गोष्टीत मात्र पुष्कळसं लिहिलेलंच नसतं, ते वाचणाऱ्यानं काढायचं असतं. पण तेही हवेतून नाही, लिहिलेल्यातूनच. हे मुलींच्या अंगवळणी पाडता पाडता वर्ष जायचं.

त्या वर्षी अकरावीच्या वर्गात, तेव्हा अकरावीलाच बोर्ड असायचं, दोन मुली होत्या. पुष्पा रामाकोन्याहून नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेनं यायची. बियांच्या रुजण्यावर उतारा दिला होता आणि प्रश्न होता, बी रुजायला काय काय लागतं? पुष्पानं लिहिलं, "पाणी, हवा, ऊब आणि चांगल्या माणसाचा हात." मी विचारलं, "हात उताऱ्यात कुठं आहे?"

"उताऱ्यात नाई, बाई. पण खरं हाय. माहे बाबा पेरतात ते उगवते, काका पेरतात ते नाई उगवत."

"मग काकांवर वेगळा उतारा लिहू. यात फक्त तीनच गोष्टी आहेत."

तिनं खोडलं, पण मनापासून नाही.

दुसरी वंदना. सौंसरचीच, नामदेवरावांची मुलगी. नामदेवरावांचा संत्र्यांचा मोठा बगीचा होता आणि मंडीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. वंदना विज्ञानाच्या उताऱ्यात एक शब्द इकडचा तिकडं करायची नाही. गोष्टींच्या उताऱ्यात मात्र ती कोरडी पडायची. निदान मला तसं वाटायचं. मी दोघींना एका बाकावर बसवलं आणि एकमेकींची उत्तरं तपासायला सांगितली. पुष्पा वंदनाला म्हणायची, "तू लय कंजूस लिहितं." वंदना म्हणायची, "तू फुकटचं वाटून राहिली." दोघींची गट्टी जमली.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी गोष्टीचा उतारा दिला. तो असा होता: स्टेशनाजवळच्या एका खोलीत एक म्हातारा एकटा राहत असे. संध्याकाळी तो स्वतः भाकरी थापी, वरण करी आणि दोन ताटं वाढी. एका ताटासमोर तो बसे. दुसऱ्या ताटासमोर पाट मांडलेला असे, पाण्याचा तांब्या भरलेला असे. म्हातारा सावकाश जेवे. मग दुसरं ताट उचलून अंगणात कुत्र्यासमोर ठेवी आणि दोन्ही ताटं घासून, पुसून, एकमेकांवर पालथी घाली.

खाली चार प्रश्न. तिसरा होता, म्हातारा दोन ताटं का वाढत असेल?

मुलींनी तऱ्हेतऱ्हेचं लिहिलं. बायको वारली असेल. देवाला नैवेद्य असेल. पाहुणा येणार असेल आणि गाडी चुकली असेल. पुष्पानं लिहिलं की एकट्यानं जेवलं तर घास उतरत नसेल. मला ते फार आवडलं. वंदनानं लिहिलं, "कारण त्याच्याकडे दोन ताटं होती."

मी त्याला गुण दिला नाही. शेजारी लिहिलं, "पुन्हा वाच."

सोमवारी वंदना आली नाही. पुष्पा एकटी बाकावर बसून होती. तास संपल्यावर माझ्यामागं वऱ्हांड्यात आली.

"बाई, वंदीले घरी बसवलं."

"कशानं? आजारी आहे का?"

"नाई. तुमच्या त्या उताऱ्यानं." आणि मग तिनं सांगितलं ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. वंदनाचा मोठा भाऊ नागपूरला नोकरीला होता. त्यानं तिथंच दवाखान्यातल्या एका नर्सशी लग्न केलं होतं. मुलगी बौद्ध होती. नामदेवरावांनी त्याला सांगून टाकलं होतं की या घरात तुझं नाव निघणार नाही. नाव निघत नव्हतं. पण वंदनाची आई रोज संध्याकाळी मुलाचं ताट वाढत होती. सगळ्या आळीला माहीत होतं. शनिवारी मुली घरी गेल्या, उतारा सांगितला, आणि रविवारच्या बाजारात कुणीतरी नामदेवरावांना हटकलं की तुमच्या घरचं आता शाळेत शिकवून राहिले म्हणून.

मी कोणत्या वस्तीतली आहे हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. नामदेवरावांनी काय जोडलं असेल ते मला कळलं.

ते दुसऱ्या दिवशी आलेच. प्राचार्यांनी मला बोलावलं. नामदेवराव खुर्चीत न बसता उभे होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात छत्री. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"बाई, तुमी माह्या घरची गोष्ट फळ्यावर लिवली."

"तुमच्या घरची कोणती गोष्ट, भाऊ?"

"ते तुमाले मालूम हाय. कोठून मालूम झालं ते मले मालूम हाय. तुमच्या समाजाची पोरगी हाय ते. तुमच्यात बोलणं झालंच असन."

प्राचार्या मधेच म्हणाल्या, "क्या लिखा है आपने, मॅडम? कुछ गलत लिखा है क्या?"

"एक कहानी लिखी है," मी म्हटलं. खरं सांगितलं तरी ते मानणार नव्हते. मग मी वर्गातून फळा आणला, त्यावरचा उतारा अजून तसाच होता. कपाटाच्या दाराला तो अडकवला.

"भाऊ, तुम्ही हा वाचला आहे का?"

"आयकला."

"मग एकदा वाचा. नंतर म्हणाल ते मी ऐकते."

ते जुनी चौथी शिकलेले होते. छत्री खुर्चीला टेकवली, फळ्याजवळ गेले आणि प्रत्येक ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचू लागले. बोट फळ्याला लागू देत नव्हते, खडू पुसेल म्हणून. प्राचार्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. वाचून झाल्यावर ते पुन्हा वरून खाली गेले.

"ताट कोणासाठी वाढतो तो?" मी विचारलं. हा माझा रोजचा प्रश्न, तोंडातून सवयीनं निघाला.

"पोरासाठी."

"कुठं लिहिलं आहे?"

त्यांनी शोधलं. बोट स्टेशनापाशी गेलं, तांब्यापाशी थांबलं, कुत्र्यापर्यंत आलं.

"पोराचं नाव नाई इथं," ते म्हणाले.

"नाही."

"भांडणबी नाई."

"नाही."

"मंग लोकं काहून म्हणून राहिले?"

"लोकांना तुमचं घर माहीत आहे, भाऊ. त्यांनी ते यात घालून वाचलं."

"आन् मी?"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "मंग हे कोणाचं हाय? कोणाचं तरी असनच."

हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. गोष्ट कुणाची आहे हे मुलींना कळलं की त्या वाचणं सोडून चौकशा करतात. पण त्या दिवशी सांगितलं. "माझ्या बाबांचं. पांढुर्ण्याला गँगमन होते. माझी आई गेल्यावर ते असं करायचे. मी तिकडं राहायला गेले की मला तिसरं ताट घ्यावं लागायचं. दुसऱ्याला हात लावू देत नसत."

प्राचार्यांना सगळं कळलं नसावं, पण त्यांनी चपराशाला पाणी आणायला पाठवलं. नामदेवरावांनी पाणी घेतलं. अर्धा गिलास पिऊन तो हातातच ठेवला.

"वंदीनं काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"तिनं लिहिलं, त्याच्याकडे दोन ताटं होती म्हणून."

नामदेवरावांनी गिलास टेबलावर ठेवला. मग मान खाली घालून म्हणाले, "तिची माय रोज वाढते, बाई. मी उठून गेलो का वंदीच ते ताट उचलते. मले दिसू नये म्हणून आधी उचलते. तिले सारं मालूम हाय."

ते बोलले आणि मला वर्गातली वंदना दिसली. सगळ्या खोलीत त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी पुष्पा बसली होती, ती उत्तर वाचणार होती. मी वाचणार होते. तिनं घरावर झाकण घातलं होतं, आणि कोरडेपणा म्हणून मी तिच्या नावावर जे मांडलं होतं त्याचा तिच्या समजण्याशी काही संबंध नव्हता.

"तुमी तिले मार्क देले का त्याचे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ते उठले. छत्री घेतली. दारात थांबून म्हणाले, "द्या लागत होते." आणि गेले.

वंदना दुसऱ्या दिवशीही आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी घरी जावं का, हा विचार पुष्कळदा केला. पण मी त्या दारात उभी राहिले तर बोलणं वाढेल की कमी होईल, याची खात्री नव्हती. प्राचार्या म्हणाल्या, "रुकिए. आदमी सोच रहा है." त्यांना मराठी अर्धंच कळायचं, पण माणसं पुरती कळायची.

शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आधी वंदनाची आई आली. वच्छलाबाई. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मागं वंदना, दप्तर घेऊन. वर्ग अजून रिकामा होता.

"बाई, मले वाचता येत नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "तो उतारा वाचून दाखवा."

फळा मी पुसला होता. पण उतारा मला पाठ होता, तो म्हणून दाखवला. त्या बाकावर बसून ऐकत होत्या. वंदना खिडकीशी उभी होती, बाहेर बघत.

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हातारा काहून घेतला? बाई घ्याची. माणूस असं करते काय कधी?"

"माझे बाबा करायचे, मावशी."

"कोणासाठी?"

"आईसाठी."

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक हाय."

मग त्या म्हणाल्या, "हे पोरीले शाळेत धाडत नव्हते. आता बस झालं म्हणे, लग्नासाठी पाहुणे पाहू. मी म्हटलं, पोट्टीनं इतकी माणसं बसली असताना घर झाकलं. तिलेच घरी बसवता काय? लग्न झाल्यापासून मी यायले उलटून बोललो नाई, बाई. काल बोललो."

"काय म्हणाले ते?"

"काई नाई. जेवले अन् बगीच्यात गेले. सकाळी म्हणे, शाळेचा टाइम होऊन राहिला, पोरगी तयार नाई काय."

वंदना खिडकीशीच होती. मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "तुझ्या उत्तराचा गुण द्यायचा राहिला आहे." ती म्हणाली, "नको, बाई. उत्तर चूकच होतं." आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली.

त्यानंतर मी उतारे लिहिताना सावध झाले, असं म्हणायला हवं. पण फारशी झाले नाही. माणसांशिवाय गोष्ट लिहिता येत नाही आणि सौंसरसारख्या गावात कुणाचंही काही लिहिलं तरी ते कुणाच्या तरी घरी जाऊन बसतंच. एवढंच केलं की मुलींना म्हणू लागले, ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला द्यायचं नाही तो सोडा. परीक्षेत नका सोडू, इथं सोडा. वंदनानं त्यानंतर कधी सोडला नाही. तिची उत्तरं लांब झाली नाहीत, पण त्यात माणसं दिसू लागली.

बोर्डाच्या पेपरात त्या वर्षी वटवाघळांवरचा उतारा आला. पेपर सुटल्यावर पुष्पा धावतच आली आणि म्हणाली, "बाई, मी माह्या मनचं एक अक्षर नाई लिवलं." मग थोडं थांबून, "आमच्या वडावरच्या वटवाघळाचं लय मनात आलं होतं, पण नाई लिवलं." दोघी चांगल्या गुणांनी पास झाल्या. पुष्पाचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मी रामाकोन्याला जाऊन तिच्या वडिलांशी बोलले होते. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि तारीख ठरली आहे असं सांगितलं. त्या मुलीनं पुढं शिकायला हवं होतं. इतक्या मुली हाताखालून गेल्या, पण हे काही मनातून जात नाही.

वंदना नागपूरला बी.एस्सी.ला गेली. नामदेवरावांना सांगितलं होतं की ती मुलींच्या वसतिगृहात राहते. मला तिनंच खरं सांगितलं, ती भावाकडं राहत होती. वहिनी रात्रपाळीला जायची तेव्हा त्यांच्या लहानग्या मुलाला वंदना सांभाळायची. तिच्या आईला हे ठाऊक होतं. मला आणि पुष्पालाही. नामदेवरावांना घरात कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेही काही विचारत नसत. मुलगी कुठल्या वसतिगृहात आहे, हेसुद्धा त्यांनी कधी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत निघाली त्या दिवशी मीही सौंसरच्या स्टेशनावर होते, बहिणीला गाडीत बसवायला. छोटी गाडी लागलेली होती. नामदेवराव हमालाला हात लावू न देता स्वतः संत्र्यांची लाकडी पेटी उचलून डब्यात चढवत होते. पेटी वंदनाच्या पायाशी ठेवून खाली उतरले तेव्हा मला पाहिलं.

"राम राम, बाई."

"राम राम, भाऊ. एवढी मोठी पेटी? एकटी मुलगी केव्हा खाणार?"

त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि पुन्हा घातली. इंजिनाकडं बघत म्हणाले, "खाली आंबटगोड हायेत, ते मोठ्यायसाठी. वरच्या थरात एकदम गोड निवडून ठेवली. लहान लेकराले बी चालते."

मुलींच्या वसतिगृहात लहान लेकरू कुठून आलं, हे मी विचारलं नाही. खिडकीत बसलेल्या वंदनानं ते ऐकलं होतं. ती बापाकडं बघत होती आणि बाप इंजिनाकडं. शिटी झाली, गाडी हलली. तेव्हा ते डब्याबरोबर चार पावलं चालले आणि खिडकीत हात घालून तिला म्हणाले, "घरी पोहोचल्याबरोबर झाकण उघडजो. दबून राहिली तर नासतात."